दानाचा कागद वेगळा, प्रवेशाचा वेगळा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

साखर पेठेतल्या अव्वा आपणहून आपल्या वृद्धाश्रमाला घर द्यायला निघाल्यात, विश्वस्त त्यांना तळमजल्यावरची खोली तहहयात द्यायला तयार आहेत, बक्षीसपत्राचा मसुदा टाइप होऊन आलाय. मग सही घ्यायला जाताना माझेच पाय का अडखळतात, असं तू विचारतेस. अडखळतात ते बरोबर आहे. दानाचा कागद आणि प्रवेशाचा कागद एका टेबलावर येता कामा नयेत. खजिनदार असताना मी हे एवढंच धरून बसलो होतो आणि आजही तेच सांगणार आहे. बाकी तुला सगळं येतं, हिशेब तर तू माझ्यापेक्षा चोख ठेवतेस.

आधी तो मसुदा नीट बघ. बक्षीसपत्र नोंदलं की घर त्याच दिवशी संस्थेचं झालं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं दिलेलं बक्षीस नुसतं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. उद्या अव्वांना आपल्याकडे करमलं नाही, शेजारच्या खोलीतल्या बाईशी पटलं नाही, भाची म्हणाली की चल माझ्याकडे, तर मधल्या काळात त्या जाणार कुठल्या घरी? ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण 'सांभाळ करू' या अटीवर घर दिलं होतं हे दिसावं लागतं. तुझ्या मसुद्यात ती अट आहे का? 'समाजाच्या ऋणातून उतराई होण्यासाठी' असं गोड गोड लिहिलंय आणि खोलीचा उल्लेख कुठेच नाही. घर लेखी, खोली तोंडी. तुला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसलं म्हणूनच तू लिहिलंस.

आणि करसवलतीचं त्यांना कुणी सांगितलं? प्राप्तिकरातली देणगीची सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती पैशाच्या देणगीला असते, घराला नसते. रोख दिली तर २००० रुपयांच्या वरच्या देणगीला तीही मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. शिवाय बदल्यात खोली मिळणार असेल तर त्याला देणगी कोण म्हणेल? तो व्यवहार झाला. व्यवहार करायचा तर उघड करा, त्यावर देणगीची पावती फाडू नका.

विश्वस्त वाईट माणसं नाहीत. मी त्यांना ओळखतो. दर महिन्याला किराणा, औषधं, आयांचे पगार भागवताना त्यांची झोप उडते. पण आपला वृद्धाश्रम समाजाचा आहे, आणि नेमका तिथेच मोठा धोका आहे. परक्या संस्थेपुढे माणूस चष्मा लावून दोनदा वाचतो. आपल्या माणसापुढे वाचायला त्याला लाज वाटते, तो नुसतं 'कुठं करू सही?' विचारतो. अमेरिकेत मेसन मंडळींसारख्या बंधुसंघांच्या कितीतरी वृद्धाश्रमांत पूर्वी सभासदानं येतानाच सगळी मालमत्ता संस्थेच्या नावे करायची आणि संस्थेनं मरेपर्यंत सांभाळायचं, अशीच रीत होती. माणसं जास्त जगू लागली, खर्च वाढला, तसा तो सौदा संस्थांनाही जड गेला. म्हणजे यात फक्त अव्वांचं नुकसान आहे असं समजू नकोस. एका घराच्या किमतीत किती वर्षांचा सांभाळ बसतो हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ते गणित मनात चालू झालं की म्हातारीचं आयुष्य संस्थेच्या डोळ्यांत सलू लागतं.

माझ्या वेळी होटगी रोडवरचा एक प्लॉट असाच चालून आला होता. देणारे समाजातले, माझ्या रोजच्या बसण्या-उठण्यातले. नवरा-बायकोला समोरासमोर दोन खोल्या हव्या होत्या, तेवढीच त्यांची इच्छा. मी म्हटलं, प्रवेशाचा अर्ज द्या, प्रतीक्षायादीत तुमचा नंबर लागेल तेव्हा लागेल, आणि प्लॉट द्यायचाच असेल तर मृत्युपत्रात लिहा. त्यांना तो अपमान वाटला. प्लॉट दुसरीकडे गेला. दुसरा मजला तेव्हापासून सळया उघड्या टाकून उभा आहे आणि प्रत्येक वार्षिक सभेत कुणीतरी माझ्याकडे बघून तो विषय काढतं. काढू देत. आपल्या जेवणघरात कोणी किती दिलं हे वाढणाऱ्या बाईला ठाऊक नसतं. विडी कारखान्यात जन्म गेलेली बाई आणि पेढीवाल्याची विधवा एकाच पंगतीला बसतात, आणि दोघींपैकी कुणालाही 'माझ्या पैशावर चाललंय हे' म्हणता येत नाही. ते दुसऱ्या मजल्यापेक्षा महाग आहे. त्या गृहस्थांशी माझं बोलणं तुटलं ते कायमचं. त्याची खंत मला आहे. प्लॉटची नाही.

दान कसं द्यावं हे सोलापुरात बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींचं उदाहरण घे. आपली कमाई धर्म आणि समाजासाठी लावायची हे त्यांनी १९४० मध्ये ठरवलं, पण लगेच कागद केला नाही. आधी विद्वानांची मतं गोळा केली. १९४१ मध्ये जैन संस्कृति संरक्षक संघ काढला आणि ३०,००० रुपये जाहीर केले. उरलेली सगळी मालमत्ता, सुमारे दोन लाखांची, १९४४ मध्ये ट्रस्ट करून दिली. दात्याला असा वेळ मिळाला पाहिजे. तुमचे विश्वस्त अव्वांना सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपेपर्यंतसुद्धा थांबू देत नाहीत!

तर आता काय करायचं ते सांगतो. अव्वांचा प्रवेश अर्ज आधी घे, इतरांसारखाच, त्यांच्या पेन्शनला झेपेल त्या मासिक शुल्कावर. त्या अर्जात घराबद्दल एक अक्षर नको. घर त्यांच्याच नावावर राहू दे. भाड्यानं द्यायचं असेल तर भाडं त्यांच्या पासबुकात जमा होईल. सिटी सर्व्हेचा उतारा काढून घर खरोखर एकट्या त्यांच्या नावावर आहे का तेही बघ. नवऱ्याच्या मागे वारसनोंद राहून गेलेली असते. काही महिने आपल्याकडे राहून, चांगलं-वाईट बघून, तरीही द्यावंसं वाटलं तर मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. संस्थेचं नाव नोंदणी क्रमांकासह अचूक लिहा. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून आपला विश्वस्त नेमू नका. आज, हातानं काही द्यायची इच्छाच असेल तर चेक घे आणि 'ही रक्कम कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम निधीत, ठेवावी' असं त्यांच्या सहीचं पत्र घे. लाखाला सात टक्क्यांनी वर्षाचे ७,००० येतील, मुद्दल तसंच राहील. तेही प्रवेश झाल्यावर. दोन्ही कागद एका दिवशी नकोत, हे मी शंभरदा सांगेन.

विश्वस्त म्हणतील, मृत्युपत्र बदललं तर? बदलू दे. तो हक्क त्यांचा आहे. तो शाबूत असताना आपलं नाव त्यात टिकावं असं वाटत असेल, तर रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत कुणी डोकावतं की नाही ते बघा. आणि घाई कशाची आहे? बक्षीसपत्रानं घर मिळालं तरी नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावाच लागेल, आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ते विकता येणारच नाही. किराण्याचं बिल त्यातून या महिन्यात भागणार नाही. हे कलम बैठकीत वाचून दाखव. तुझा आवाज कापला तरी चालेल, पण वाच.

नोकरी जाईल ही भीती तू लिहिलेली नाहीस, पण मला ती दिसली. काढतील असं मला वाटत नाही. तरीही कुणी डोळे वटारले तर हे पत्र पुढे कर. माझ्यावर राग धरायची त्यांना सवय आहे.

अव्वांकडे जाताना अध्यक्षांना बरोबर नेऊ नकोस, मसुदाही नेऊ नकोस. पुढे मृत्युपत्राची वेळ आली तर मजकूर मी तपासून देईन, पण साक्षीला मला बसवू नकोस, संस्थेशी माझं नाव अजून जोडलेलं आहे. संस्थेशी संबंध नसलेली दोन माणसं हुडक. त्यातले एक अव्वांचे नेहमीचे डॉक्टर असले तर उत्तम. दोघांच्याही डोळ्यांदेखत सही झाली पाहिजे.

तुझा,
काका