चेंडूकडे नको, मुलाकडे बघ

प्रिय,
प्रभूमध्ये सलाम.

मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मुलांच्या सामन्यांना जाणार आहेस, तिथे विश्वासाविषयी काय शिकता येईल, असं विचारलंस. आधी चेंडू बघणं सोड. एक मूल निवड आणि दहा मिनिटं नजर त्याच्यावरच ठेव. चूक झाल्यावर ते सगळ्यात आधी कुठे बघतं, एवढंच टिपायचं.

बरीच मुलं मैदानाच्या कडेला, आईबापांकडे बघतात. फुटबॉलमध्ये पास चुकला की मान तिकडे वळते, आणि तेवढ्यात समोरचा चेंडू घेऊन निसटतो. एका चुकीच्या दोन होतात. दुसरी निव्वळ भीतीपोटी. हरलो तरी घरचे आपलेच आहेत, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, ते मूल लगेच बचावाला मागे धावतं.

आपलं देवापाशी वेगळं काय होतं? हातून पाप घडलं की प्रार्थना टाळायची, उपासनेला मागच्या बाकावर बसायचं. बायबलमधलं मार्क १:११ काढून बघ. पुत्र परमप्रिय आहे, त्याच्याविषयी मी संतुष्ट आहे, असं देवबाप म्हणतो ते येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी. तोवर मार्कने येशूचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, एकही प्रवचन नाही. संतोष आधी, काम नंतर. कडेला उभ्या पालकांना हे एक कळलं तरी निम्मा आरडाओरडा थांबेल.

कृपा आहे म्हणजे नियम गेले, असं मात्र समजू नकोस. नियमाप्रमाणे न खेळणाऱ्याला मुगूट नाही, हे पौल २ तीमथ्य २:५ मध्ये स्पष्टच सांगतो. त्यासाठी ४ x १०० मीटर रिले बघ. बॅटन, म्हणजे धावपटू एकमेकांना देतात ती छोटी नळी, ३० मीटरच्या पट्ट्यातच दुसऱ्याच्या हाती गेली पाहिजे, आणि मोजतात ती बॅटनची जागा, धावपटूच्या पायांची नाही. घेणारा घाईने आधीच सुटला की मागचा त्याला गाठू शकत नाही, पट्टा संपतो आणि संघ बाद. बॅटन खाली पडली तर मात्र शर्यत तिथेच संपत नाही. ज्याच्या हातून पडली त्यानेच ती उचलायची, वाटेत कुणाला अडथळा न करता, आणि पुढे धावायचं. पश्चात्तापाचंही असंच आहे. आपली चूक आपणच उचलायची, सोबत्यावर ढकलायची नाही. मात्र तिच्यापाशी रडत बसायचं नाही.

सामन्याआधीच्या प्रार्थनेत जय मागू नकोस. समोरच्या संघातही प्रार्थना करणारी मुलं असतात. सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो (मत्तय ५:४५). त्यामुळे जिंकलेल्यांवर देव जास्त प्रसन्न, हा हिशोब मुलांच्या डोक्यात शिरता कामा नये. कुणाला इजा होऊ नये आणि पंचांशी बोलताना जीभ ताब्यात राहावी, एवढं मागितलं तरी पुष्कळ झालं.

राहिलं सामन्यानंतरचं. नवखे मार्गदर्शक इथेच घसरतात : शिट्टी वाजताच मुलांना गोल बसवून बोध करायला लागतात. घामाने भिजलेलं, हरलेलं मूल त्यातलं काही ऐकत नाही. योहान २१ मधला क्रम पाळ. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं होतं, तरी येशूने आधी त्याला न्याहारी दिली आणि मग प्रश्न विचारले. तेही तीनदा, आणि प्रत्येक उत्तरानंतर आपल्या मेंढरांची, म्हणजे अनुयायांची, जबाबदारी सोपवली. तूही आधी पाणी दे, बसू दे. बोलणं दुसऱ्या दिवशी, एकेकट्याशी, दोन मिनिटं. आणि ज्याच्या हातून पेनल्टी हुकली, त्याला पुढच्या सरावात पहिली पेनल्टी मारायला लाव.

तुझा,
ख्रिस्तात बंधू