‘आई, दार नीट लागले आहे ना?’

“आमची मुलगी दहा वर्षांची आहे. झोपण्यापूर्वी ती दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहते आणि दार लागले आहे ना, असे विचारत राहते. हो म्हटले की शांत होते, पण पाच मिनिटांत पुन्हा तेच. तिला रागवावे की समजावत राहावे?” हा प्रश्न घेऊन एक दांपत्य माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कडी पाहिली नाही तर काय होईल, असे मी मुलीलाच विचारले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “आईला काहीतरी होईल, आणि ते माझ्यामुळे होईल.” आईने हे पहिल्यांदाच ऐकले. ज्याला घरात हट्ट समजले जात होते, त्यामागे ते मूल एवढे ओझे एकटे वाहत होते.

या त्रासाला मंत्रचळ (ओसीडी) म्हणतात. मनात भयंकर विचार येतो, जीव कासावीस होतो, कडी तपासली की बरे वाटते, आणि तपासले म्हणूनच संकट टळले असे मन धरून बसते. त्यामुळे पुढच्या वेळी तपासण्याची ओढ अधिकच वाढते. आईचे ‘हो’ हेदेखील तपासणेच असते, हे पालकांना पटायला सर्वांत जड जाते, कारण ते उत्तर मायेपोटी दिलेले असते. रागावल्याने तर भीतीत अपराधीपणाची भर पडते.

मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी या त्रासासाठी १९६६ मध्ये मांडलेल्या उपचाराचा गाभा असा, की भीतीला सामोरे जायचे, पण ती शमवणारी कृती करायची नाही. मुलांबाबत हे त्यांच्या संमतीनेच आणि पायरीपायरीने करावे लागते. मुलीने स्वतः यादी केली आणि भीतीला दहापैकी गुण दिले: दप्तर एकदाच तपासणे, भीती ३; कडी न पाहता झोपणे, भीती ९. आम्ही दप्तरापासून सुरुवात केली. आईने उत्तराऐवजी काय म्हणायचे, तेही मुलीसमोरच ठरले: “हा प्रश्न काळजी विचारते आहे. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.”

कडीची पायरी आली तेव्हा पहिल्या रात्री मुलगी खूप रडली. आई डगमगली, पण तिने उत्तर दिले नाही. मुलीने वहीत लिहिले: आधी ८, वीस मिनिटांनी ४. न तपासताही भीती ओसरते, हे माझ्या शंभर शब्दांपेक्षा त्या दोन आकड्यांनी तिला पटवले.

लहान मुलांचे झोपण्यापूर्वीचे ठरलेले क्रम बहुधा साधेच असतात. मात्र अशा कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, शाळा, झोप किंवा जेवण बिघडत असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी; काही मुलांना औषधांचीही गरज लागते, आणि त्यात पालकांचा दोष नसतो.

परीक्षेच्या काळात या मुलीचा प्रश्न परत आला. आईवडील घाबरून गेले, पण मुलीनेच जुनी वही काढली आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.