आधी अरबी, मग प्रबंधाचा विषय

धर्माचं तत्त्वज्ञान आणि आधुनिक इस्लामी विचार, दोन्हींत करिअर करायचं ठरवलंयस, तर आधी अरबीच्या मागे लाग. विषय नंतर सुचतो. नुसत्या भाषांतरांवर भिस्त असलेला उमेदवार मुलाखतीत लगेच उघडा पडतो. दक्षिण आशियाकडे वळणार असशील तर उर्दूबरोबर फारसीही हवी.

वाचनाला इक्बालांपासून सुरुवात कर. म्युनिकहून पीएचडी घेतलेला हा कवी पुढे आपल्या इंग्रजी व्याख्यानांत फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ आणि कुराण समोरासमोर बसवतो. दुसऱ्या व्याख्यानात ईश्वराच्या अस्तित्वाचे तिन्ही ठरलेले युक्तिवाद तो अपुरे ठरवतो, आणि तेही श्रद्धावंत असून! तिथे थोडं रेंगाळ. सहावं, इज्तिहादवरचं (म्हणजे धर्मनियमांचा स्वतंत्र विचाराने अर्थ लावण्यावरचं) व्याख्यान मात्र इतिहास शेजारी ठेवून वाच. १९२४ साली तुर्कस्तानने खिलाफत मोडीत काढली, ते माहीत नसेल तर अर्धा युक्तिवाद डोक्यावरून जातो.

मग पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान. ‘वही’ म्हणजे पैगंबरांना झालेलं ईश्वरी प्रकटीकरण, त्यावरच्या मतांवरून एवढा गदारोळ झाला, की १९६८ साली पाकिस्तान सोडावं लागलं. पुढे शिकागोला शिकवलं. या क्षेत्रात मतं महाग पडू शकतात, हे आधीच कळलेलं बरं.

नोकरीचं म्हणशील तर तत्त्वज्ञान विभागाला तू फार इस्लामवाला वाटणार आणि इस्लामच्या अभ्यासकांना फार तत्त्वज्ञानवाला. म्हणून अर्ज दोन वेगळे ठेव. पहिल्यात ह्यूम-कांट शिकवता येतात हे ठळक लिही, दुसऱ्यात कोणते मूळ अरबी ग्रंथ वर्गात वाचून घेशील ते.