पहिलं सॉलिडस घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सॉलिडस म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचं सोन्याचं नाणं. त्याचे तू पाठवलेले दोन्ही फोटो छापून घेतले आणि काल रात्री भिंग घेऊन बसलो. पुढच्या बाजूला दाढीवाला सम्राट, शेजारी मुलाचं छोटं डोकं. मागे पायऱ्यांवर उभा क्रूस. विक्रेत्याने चिठ्ठीवर 'हेराक्लियस, इ. स. ६१० ते ६४१' एवढंच लिहिलंय. घेऊ का, असं विचारतोस. अजून नको. नाणं तुझं झालंय असं समजून आधी त्याची नोंद लिही. लिहिताना जिथे अडशील, तेच प्रश्न विक्रेत्याला विचार.

आता हे 'हेराक्लियस' बघ. एकतीस वर्षांची कारकीर्द एका ओळीत लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. सुरुवातीच्या सॉलिडसवर तो एकटा आहे. ६१३ मध्ये मुलगा हेराक्लियस कॉन्स्टंटाइन याला सहसम्राट केलं, तेव्हापासून बापलेकांचे मुखवटे, म्हणजे खांद्यापर्यंतच्या आकृत्या, शेजारी शेजारी येतात आणि पुढच्या वर्षांत मुलाचं डोकं मोठं होत जातं. ६२९ च्या सुमारास बापाची दाढी एकदम छातीवर रुळायला लागते. ६३२ नंतर मुखवटे जाऊन तीन उभ्या आकृत्या येतात, कारण धाकटा मुलगा हेराक्लोनासही सामील झालेला असतो. म्हणजे दाढी आणि मुलाची उंची बघूनच पाच-दहा वर्षांच्या आत येता येतं. तुझ्या फोटोत दाढी आखूड आणि मूल लहान आहे. याच सुमारास, ६१४ मध्ये, इराणी फौजांनी जेरुसलेम घेतलं आणि तिथला पवित्र क्रूस, म्हणजे येशूला ज्यावर चढवलं असं मानत तो, नेला. सॉलिडसच्या मागचा पायऱ्यांवरचा क्रूस त्याआधीचा, सम्राट दुसऱ्या टायबेरियसच्या काळापासूनचा. पण त्या वर्षांत तो हातात घेणाऱ्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

क्रूसाखाली 'कोनोब' अशी पाच अक्षरं दिसतील. 'कोन' म्हणजे राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल, 'ओब' म्हणजे ओब्रिझम, तावून शुद्ध केलेलं सोनं. ग्रीक आकड्यांत हीच दोन अक्षरं ७२ होतात, आणि चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनने घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणे एका रोमन पौंडातून ७२ सॉलिडस पाडत. म्हणून वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास हवं. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत लिही. सोनाराकडचा काटा त्याला पुरतो. कमी भरलं तर लगेच कडा कातरली आहे असं ठरवू नकोस. सॉलिडसचे २४ भाग धरत, त्या भागाला ग्रीकमध्ये केरातिऑन म्हणत. आपला कॅरट तिथूनच आला. २०, २२, २३ भागांची हलकी नाणीही टाकसाळीने मुद्दाम पाडली आणि त्यांवर 'कोनोब'च्या जागी वेगळी खूण केली. म्हणून वजन आणि अक्षरं दोन्ही लिहायची, आणि लेख, म्हणजे नाण्यावर उमटवलेला मजकूर, आहे तसाच उतरायचा, चुकीच्या अक्षरासकट. ठशांची दिशाही लिही: नाणं उभ्या आसावर फिरवलं की मागची बाजू घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे डोकं करते ते. इथे बहुतेक वेळा सहा येतात. फार वेगळं आलं तर पुन्हा एकदा कडा बघ. ओतून केलेल्या नकलेला तिथे जोडाची रेघ दिसू शकते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पहिलं सॉलिडस मी कागदी पाकिटात घेतलं होतं. पाकिटावर जुन्या शाईत दोन ओळी आणि एक आकडा होता. मी नाणं नव्या डबीत ठेवलं आणि पाकीट फेकून दिलं. ते नाणं कुठून आलं, कोणाच्या संग्रहात होतं, हे सांगणारा तो एकच कागद होता. तीस वर्षं झाली, अजून चुटपुट लागते. पाकीट, पावती, चिठ्ठी, सगळं नाण्यासोबत ठेव. नाणं उजळायला रिठ्याच्या पाण्यात टाकू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी.

भोकं पडलेलं नाणं तू 'खराब' म्हणून नाकारलंस, असं लिहितोस. दोन भोकं होती का, आणि ती सम्राटाच्या डोक्यावर होती का? असतील तर मला हळहळ वाटेल. दक्षिण भारतात सापडलेल्या सॉलिडसना अशी भोकं नेहमी आढळतात. कर्नाटकातल्या अक्की आलूरच्या साठ्यातही अशी नाणी होती. चेहरा सरळ राहील अशा बेताने ती गळ्यात घालत. आपल्याकडे व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यांच्या पुतळ्या करून माळेत ओवल्या, त्याच्या कितीतरी शतकं आधीची ही हौस. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस आपल्या कल्याणचं नाव घेतो, आणि लंकेच्या राजासमोर रोमन सोनं व इराणी चांदी शेजारी ठेवून पारखल्याची गोष्टही सांगतो. भोक ही त्या नाण्याच्या आयुष्याची नोंद आहे. ते कोणत्या बाजूने पाडलंय तेही लिही.

सगळे सम्राट जमवायचा मोह धरू नकोस. पैसा जातो आणि नजर तयार होत नाही. हेराक्लियसचंच बघ. तू बर्मिंगहॅमलाच आहेस, तिथल्या बार्बर इन्स्टिट्यूटचा बायझंटाइन संग्रह जगातल्या उत्तम संग्रहांपैकी आहे. वेळ मागून घे आणि खरी नाणी बघ. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्सच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात.

कायद्याचं थोडक्यात: तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली वस्तू सरकारची असते, म्हणून मूळ सांगता न येणारं नाणं स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस. आणि उद्या इथे गावाकडे कोणाच्या शेतात सोनं निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वितळवण्याआधी हे शेतवाल्याला सांगणारा कोणीतरी हवा.

नोंद लिहून झाली की पाठव. नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या लेखातलं शेवटचं ग्रीक अक्षर म्हणजे टाकसाळीच्या विभागाचा आकडा. मला ते एप्सिलॉन (पाच) वाटतं, पण फोटोत तिथे सावली आहे, थीटाही (नऊ) असेल. तू उजेडात धरून काय वाचतोस ते कळव.