‘गप्पी’ हे खरंच इंग्रजी आडनाव आहे का? ते मूळचं कुठलं आणि ते लावणारी माणसं किती?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलंय की त्यांच्या कंपनीत इंग्लंडहून गप्पी आडनावाचे एक साहेब आलेत, ऑफिसातली मंडळी डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशावरून त्यांना हसतात, आणि एका वेबसाइटवर हे आडनाव नामशेष होत असल्याचं वाचलं. हसणाऱ्यांना आधी एवढं सांगा की माशाचं नाव या माणसांना मिळालेलं नाही, या माणसांचं नाव माशाला मिळालंय. हे सांगायला मला कुणीतरी विचारावं म्हणून मी बरीच वर्षं थांबलोय.

मी मराठवाड्यात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी हिवतापाच्या कामात गेली. घरोघर रक्ताचे नमुने घ्यायचे, रांजण-हौद तपासायचे, अळ्या दिसल्या की भांडं ओतायला लावायचं. जे ओतता येत नाही, म्हणजे विहीर, गुरांचा हाळ, शाळेची टाकी, त्यात गप्पी सोडायचे. मोटारसायकलला पाण्याचा कॅन बांधून खेपा केल्या. उन्हाळ्यात कॅनवर ओलं पोतं टाकावं लागतं, नाहीतर गाव येईपर्यंत निम्मे मासे पोट वर करून तरंगतात. मादी बोटाच्या दीड पेराएवढी, राखाडी, पोटाच्या मागच्या टोकाला काळा डाग. नर तिच्या निम्मा, पण अंगावर नारिंगी-निळे ठिपके, जणू कुणी काडीने रंग लावलाय. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, त्यामुळे चार-पाच जोड्या सोडल्या की टाकीला पुरतात. एक मासा दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो. हा आकडा मी एवढ्या सभांत सांगितलाय की झोपेतही सांगेन.

१९९४ साली जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं प्रशिक्षण होतं. चाळीसेक जण होतो. शिकवायला वरिष्ठ साहेब होते, माणूस कामाला कडक आणि बोलायला गोड. त्यांनी फळ्यावर मासा काढला आणि म्हणाले, “हा कसा गप्प राहून अळी गिळतो बघा. म्हणून आपल्या लोकांनी याला नाव दिलं गप्पी.” मी त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये एक जुनं इंग्रजी पुस्तक चाळलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की हा मासा त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थांच्या नावावरून ओळखला जातो. मी उभा राहिलो आणि सांगितलं. साहेब म्हणाले, “गप्पी कुणाचं आडनाव असतं का? उद्या बोंबील आडनावाचा गोरा दाखवशील.” चाळीसच्या चाळीस हसले. मी पुस्तक आणून दाखवतो म्हणालो. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरला गेलो तर वाळवी लागलेली पुस्तकं आदल्याच दिवशी रद्दीत गेली होती. परत आलो तो रिकाम्या हाताने. त्या दिवसापासून पाच-सहा वर्षं मला सहकारी ‘गप्पे’ म्हणून हाक मारायचे. साहेबांनी ती व्युत्पत्ती पुढच्या प्रत्येक वर्गात सांगितली. त्या वर्गांतली मुलं ती गावोगाव घेऊन गेली. आजही कुणी सरपंच मला समजावून सांगतो की गप्प राहतो म्हणून गप्पी, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो.

तर खरी हकीकत अशी. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी हे १८३६ साली लंडनमध्ये जन्मलेले गृहस्थ. त्रिनिदादला राहिले, पुढे तिथल्या शाळांचे मुख्य निरीक्षक झाले, शंख-शिंपले आणि खडकांचा अभ्यास केला, १९१६ मध्ये वारले. त्यांनी तिथले छोटे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ मध्ये त्यांच्या नावावरून माशाला ‘गिरार्डिनस गप्पिआय’ असं नाव दिलं. गंमत अशी की विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातून आलेल्या याच माशाचं वर्णन १८५९ मध्येच केलेलं होतं. आधीच्याचा मान आधी, या नियमाने शास्त्रीय नाव पीटर्सचं टिकलं, आज मासा ‘पोइसिलिया रेटिक्युलाटा’ म्हणून नोंदला जातो. पण लोकांच्या तोंडी गप्पी बसलं ते बसलंच, पार आमच्या हाळापर्यंत.

आता आडनाव. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगणा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, लाइम रीजिसपासून जवळ, वूटन फिट्झपेन नावाचं गाव. त्या गावाच्या हद्दीत गप्पी नावाची जागा आहे. १२५४ सालच्या लेखनात तिचं नाव ‘गुपेहेघ’ असं येतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गुप्पा नावाच्या माणसाचं कुंपण घातलेलं रान. मराठवाड्यातल्या माणसाला एका शब्दात कळेल: गुप्पाची कुपाटी. तिथून जो माणूस बाहेर पडला त्याला दुसऱ्या गावाने गप्पीचा म्हणून ओळखलं. पैठणात राहणाऱ्याला कुणी पैठणकर म्हणत नाही, पैठण सोडलं की तो पैठणकर होतो. तिकडेही अगदी तसंच.

नाव दुर्मिळ का, याचं उत्तर यातच आहे. लोहाराचा भाता गावोगाव होता, म्हणून ‘स्मिथ’ गावोगाव तयार झाले आणि आज ब्रिटनमध्ये पाच लाखांच्या वर आहेत. एवढ्याशा कुपाटीतून बाहेर पडणार किती? एखाद-दोन घरं. अशा एका मुळाच्या नावांची एक तपासणी लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये छापली. चाळीस आडनावांचे १,६७८ पुरुष घेऊन त्यांनी बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं. स्मिथांमध्ये अनोळखी माणसांत असतो तेवढाच मेळ निघाला. ॲटनबरो या नॉटिंगहॅमशरमधल्या गावावरून पडलेल्या दुर्मिळ नावात मात्र दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं गुणसूत्र एकाच घराण्याचं निघालं. दुर्मिळ नाव म्हणजे बहुतेक वेळा दूरची भावकी.

आकडा विचारलात. वेबसाइटवर जो एकच आकडा झळकतो तो माझ्या मते कवडीमोलाचा आहे, कारण कुठल्या सालचा आणि कुणाला मोजून काढला ते तिथे लिहिलेलं नसतं. बरेचसे आकडे टेलिफोनच्या याद्यांवरून पट लावून काढलेले असतात. मोजणीचे भरवशाचे टप्पे दोन. एक १८८१ ची जनगणना. तेव्हा इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख होती, आणि त्या गणनेतलं प्रत्येक नाव पुढे स्वयंसेवकांनी उतरवून काढलंय. दुसरा टप्पा २०११ चा. ऑक्सफर्डने २०१६ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला, पंचेचाळीस हजारांहून जास्त नावं आहेत त्यात, आणि नोंदीत १८८१ चा आणि २०११ चा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले आहेत. तोच बघा. एका नावाचे दोन आकडे समोर असले की नाव वाढतंय की आटतंय ते दिसतं, एका आकड्यावरून काहीच दिसत नाही.

मोजणीचं शास्त्र सुरू करणाऱ्यांत एक गप्पीच होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. हेन्री ब्रोम गप्पी, आरमारातले डॉक्टर. सॉलोमन बेटांवर खडक आणि झाडं बघत हिंडले आणि १८९० मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांची घरं कुठली यावर पुस्तक लिहिलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी सगळी माणसं मोजली नाहीत, फक्त शेतकरी मोजले. शेतकरी जागचा हलत नाही, म्हणून त्याचं नाव जिथे दाट, तिथे त्या नावाचं मूळ. परगण्यातल्या दर दहा हजार शेतकऱ्यांमागे किती, असा हिशेब. आम्ही दर हजार लोकसंख्येमागे ताप मोजायचो, त्याच जातीचं काम.

हे सगळं मला कळलं ते थोरल्या मुलीमुळे. मला दोन मुलीच. धाकटीच्या बारशाला माझ्या चुलत्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “आता तुझं आडनाव बुडालं.” त्यांच्या परीने ते हळहळलेच होते, पण बायको बाळ घेऊन आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. तर थोरली शिकायला ब्रिस्टलला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. गप्पे या नावाने मला हाक मारलेली तिने लहानपणी ऐकलेली. एका रविवारी तिने लायब्ररीत तो कोश उघडला आणि नोंदीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “बाबा, कुंपण निघालं.” मी तो फोटो मोठा करकरून तीनदा वाचला आणि मग अंगणात जाऊन बसलो.

तिनेच मला सारा गप्पी कळवल्या. जन्म बर्मिंगहॅमचा, १७७० मधला, माहेरचं आडनाव बीच. ब्रिस्टलच्या सॅम्युअल गप्पी या व्यापाऱ्याशी लग्न झालं. १८११ मध्ये त्यांनी पुलाचा पाया खांब रोवून पक्का करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी चहाच्या भांड्याचं पेटंट, ज्याच्या वाफेवर अंडं उकडतं आणि पाव गरम राहतो. त्यांचा मुलगा थॉमस हा ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या बरोबरीने ब्रिस्टलच्या आगबोटी आणि रेल्वेच्या कामात होता. ब्रिस्टलमध्ये गप्पी नावाला जी ओळख मिळाली तिची सुरुवात त्या घरात सून म्हणून आलेल्या बाईपासून आहे.

म्हणून ‘नामशेष’ हा शब्द वाचला की मला राग येतो. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एका नियतकालिकात गणित घातलं होतं, की प्रत्येक पुरुषाला इतके इतके मुलगे होण्याची शक्यता असेल तर किती आडनावं बुडतील? हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने सोडवलं आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून छापलं. वॉटसनचं उत्तर होतं की अखेर सगळीच बुडणार, आणि ते चुकीचं होतं. सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर घराणं टिकण्याची शक्यता उरते, असं पुढे सिद्ध झालं. पण माझं भांडण गणिताशीच आहे. त्यात मुलगी धरलेलीच नाही. १८८१ च्या कुठल्याही आडनावाच्या आकड्यात लग्न करून आलेल्या बायका मोजल्या आहेत आणि लग्न करून गेलेल्या मुली वगळल्या आहेत. इंग्लंडात आज मुलगी माहेरचं नाव ठेवते, दोन्ही जोडते, मुलांना लावते, कायदा आड येत नाही. माझ्या थोरलीने माझं आडनाव ठेवलंय आणि नातवाच्या जन्मदाखल्यावर ते त्याच्या वडिलांच्या आडनावाआधी आहे. चुलते आता नाहीत, नाहीतर दाखला दाखवला असता.

ज्यांना नावाचं मूळ शोधायचंय त्यांनी आवाजावर जाऊ नये. सगळ्यात जुना कागद काढावा, त्यातलं स्पेलिंग बघावं आणि ते नाव कुठल्या गावात दाट आहे ते बघावं. आपल्याकडेही हेच लागू आहे. सगळेच गप्पी त्या एका जागेचे असतील असं मात्र धरू नका. दत्तक, नाव बदललेले, लिहिणाऱ्याच्या चुकीने नाव फिरलेले, असे असतातच. तुमच्या साहेबांना आजोबांचं गाव विचारा. डॉर्सेट किंवा शेजारचं सॉमरसेट, डेव्हन निघालं तर कुपाटी लांब नाही.

आणि हे वाचून कुणी गप्पी आणायला धावलं तर एक सांगतो. हौदात, टाकीत, बंदिस्त विहिरीत सोडा. नदीत, तलावात, ओढ्यात सोडू नका, तिथल्या आपल्या लहान माशांना ते जड जातात. आम्हीही सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली.

तुमचे साहेब मराठवाड्याकडे येणार असतील तर मला कळवा. आमच्या शाळेच्या मागच्या हौदात १९९६ च्या उन्हाळ्यात मी सोडलेल्या माशांची वीण अजून आहे. सकाळी आठच्या आत यावं. ऊन तिरपं असतं तेव्हा नरांच्या अंगावरचे ठिपके वरून दिसतात.