आईच्या गोळ्या लपवू नकोस

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी सोडताना ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली, "दुखलं की घ्या" एवढंच सांगितलं, आता चार महिने झाले तरी आई दिवसाला तीन घेतेच आणि एक जरी चुकली तरी घाम, जुलाब, रात्रभर तळमळ. भाऊ म्हणतो तिला व्यसन लागलंय. आणि तू विचारतेस, गोळ्या लपवून ठेवू का?

अजिबात नको गं. ट्रामाडोल हे अफूसारखं काम करणारं औषध आहे, रोज घेत राहिलं की शरीराला त्याची सवय होते आणि एकदम बंद केलं की तू लिहिलंयस तेच सगळं सुरू होतं. हे सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही होतं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ओढ आवरत नाही, ते वेगळं, आणि आईचं नक्की काय आहे ते डॉक्टर ठरवतील, भाऊ नाही. त्याला सांग तो शब्द आईसमोर काढू नकोस म्हणून. ती आधीच लाजत असेल.

मला राग येतो तो "दुखलं की घ्या" याचा. किती दिवस घ्यायची, बंद कशी करायची, गुंगी आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, हे कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं, तो पेशंटचा हक्कच आहे. त्यामुळे तू जे लिहिलंस ना, "माझंच लक्ष नव्हतं", ते मनातून काढून टाक.

आता या आठवड्यातच आईला डॉक्टरकडे घेऊन जा आणि स्पष्ट विचार की डोस हळूहळू कमी कसा करायचा, शक्य असेल तर पेन क्लिनिक, म्हणजे जुन्या दुखण्यावर उपचार करणारा दवाखाना, तोही बघ. जाताना तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, झोपेच्या, डिप्रेशनच्या, सगळ्या. झोपेची गोळी किंवा दारू ट्रामाडोलच्या जोडीला आली तर श्वास मंदावू शकतो, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर फिट येण्याची भीती वाढते. घरात कोणाला कधी फिट आली असेल तर तेही सांग. अंग दुखतं म्हणून वर वेगळी पॅरासिटामॉल देऊ नकोस, या गोळीत ती आहेच, जास्त झाली तर लिव्हरला त्रास. आई उठवूनही उठत नाही किंवा श्वास अडखळतोय असं दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन.

आणि तो ओळखीचा केमिस्ट जो चिठ्ठीशिवाय देतो, त्याच्याकडून आणणं थांबव, पण आधी डॉक्टरची नवी चिठ्ठी हातात येऊ दे, नाहीतर मधेच खंड पडेल. २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, हे त्यालाही माहीत असणार.

कमी करताना दुखणं थोडं डोकं वर काढेल, तेव्हा फिजिओथेरपी सोडू देऊ नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, आणि आईचा गुडघा आता किती वाकतो तेही लिही.

तुझी,
मावशी