ढोलीचा बेहडा तोडू का?

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यात घरामागच्या उतारावर आमचं तीन एकर रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, आणि मध्ये एक जुना बेहडा. लाकूडवाला म्हणतो, बेहडा पोकळ झालाय, त्याचा रोग इतर झाडांना लागेल. तो तोडा आणि खालची झुडपंही साफ करा. काय करावं?

उत्तर: लाकूडवाला गिऱ्हाईक आहे, झाडांचा डॉक्टर नव्हे! खोडाचा गाभा मुळात मेलेल्या लाकडाचाच असतो, तो कुजून ढोल, म्हणजे पोकळी, पडते. पाणी-अन्न वाहतं ते सालीलगतच्या थरातून. बेहड्याला दरवर्षी नीट पालवी फुटत असेल तर त्याला हात लावू नका. बुंधा मुळाशी कुजलाय आणि झाड घरावर किंवा पायवाटेवर कललंय, असं असेल तरच तोडीचा विचार करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एका सकाळी लांब बसून ती ढोल बघा. तोंड लिंपलेलं आणि एक उभी फटच उघडी दिसली, तर आत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसलेली आहे. नर उंबर-वडाची फळं आणून फटीतून भरवतो. झाडाखाली बियांचा सडा पडतो. जवळ घुटमळलात तर तो यायला बिचकतो. धनेशाला ढोल पोखरता येत नाही, आयती लागते. म्हणून जुनं झाड गेलं की घरटंही गेलं.

साफसफाई करायचीच तर रानमोडी आणि घाणेरी ही माजलेली तणझुडपं काढा. पावसात जमीन मऊ असताना, फुलायच्या आत, मुळासकट. करवंदाच्या जाळ्या राहू द्या. गारंबीचे वेलही राहू द्या, शेकरूची ये-जा त्यांच्यावरून असते; कोवळ्या झाडाचा गळा आवळणारा वेल तेवढा तोडा. कलमांच्या बागेत आम्ही बांडगूळ काढा म्हणून कानीकपाळी ओरडतो. रानात मात्र थोडं असू द्या, शिंजीर आणि फुलटोचे हे छोटे पक्षी त्यावर जगतात.

भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (फांद्या-पाला) तोडत असाल तर दरवर्षी त्याच झाडावर कोयती चालवू नका, शेंडा तर कधीच नको. ऐन-किंजळाच्या जुन्या खुंटांवर जमिनीलगतचे दोन-तीन जोमदार फुटवे राखा, बाकीचे काढा. वणवा आत येऊ नये म्हणून सड्याच्या (उघड्या कातळाच्या माळाच्या) बाजूनं दहा फुटी पट्टा जानेवारीतच साफ करा.

ऐन, किंजळ, जांभूळ ही 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचीतली झाडं. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बेहडा त्या यादीत नाही, पण सातबाऱ्यावर ‘खासगी वन’ असा शेरा आहे का ते आधी पाहा. असेल तर वन विभागाच्या कार्यालयात विचारून येईपर्यंत लाकूडवाल्याचा विसार घेऊ नका.